मार्केझ अर्ध्यात सुटला असेल, तर हुआन रुल्फो वाचा

तुमचा प्रश्न असा आहे: जादुई वास्तववाद, म्हणजे अशक्य गोष्टी रोजच्या व्यवहारासारख्या सांगणारं लेखन, वाचायला घेतला, पण गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या ‘शंभर वर्षांचं एकाकीपण’ अशा अर्थाच्या नावाच्या मोठ्या कादंबरीत पन्नास पानांनंतर नावांच्या गोंधळात हरवलो. या प्रकारातला दुसरा लेखक सुचवा, त्याच्या आयुष्याबद्दल सांगा, आणि मेलेली माणसं बोलतात वगैरे सगळं नेमकं कशासाठी असतं तेही सांगा.

हुआन रुल्फो. मेक्सिकोचा. १९५३ साली एक कथासंग्रह, १९५५ साली एक कादंबरी, दोन्ही मिळून तीनशेच्या आसपास पानं. त्यानंतर तो एकतीस वर्षं जगला. सिनेमासाठी लिहिलेली एक लहानशी कथा १९८० मध्ये पुस्तकरूपात आली, एवढंच. तुम्ही ज्याच्याजवळ अडलात तो मार्केझसुद्धा एकदा अडला होता आणि त्याला रुल्फोनेच बाहेर काढलं. १९६१ साली तो मेक्सिको सिटीत राहायला आला. तोवर त्याची काही पुस्तकं लिहून झाली होती, पण पुढची वाट सापडत नव्हती. त्याचा मित्र, कवी आल्वारो मुतिस, एक दिवस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जिने चढून वर आला, त्यातलं सगळ्यात बारीक पुस्तक काढून हातात दिलं आणि म्हणाला, हे वाच आणि शिक. त्या रात्री मार्केझने ते दोनदा वाचलं. पुढे त्याला ते जवळजवळ पाठ झालं. तुम्ही अर्धवट सोडलेली कादंबरी त्यानंतर सहा वर्षांनी, १९६७ मध्ये आली.

ते बारीक पुस्तक म्हणजे ‘पेद्रो पारामो’. मी ते इंग्रजीतून वाचलं, मार्गारेट सेयर्स पेडन यांच्या भाषांतरात. वाशीला एका पुस्तक प्रदर्शनात मिळालं होतं. मी उरणकडे एका कंटेनर यार्डात नोकरी करतो. बसच्या दोन फेऱ्यांत पुस्तक संपलं आणि घरी येऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. असं का झालं ते सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

माझं गाव नवी मुंबई विमानतळात गेलं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. त्यातलं एक आमचं. भात, मिठागरं आणि खाडीतली मासळी यावर जगलेलं आगरी गाव. आता आम्ही आखून दिलेल्या प्लॉटवर बांधलेल्या घरात राहतो. घर चांगलं आहे, रस्ता रुंद आहे. पण माझी आजी, आम्ही तिला बय म्हणतो, पहिल्या वर्षी पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून तासभर उन्हात उभी होती. कावळा येईना. शेवटी म्हणाली, “कावल्याला आपला नवा घर कसा कलल?” ती हे अगदी व्यवहाराचं बोलत होती, पोस्टमनला पत्ता कळवायचा राहिलाय या सुरात. रुल्फोचा सूर हाच आहे.

कादंबरी अशी सुरू होते. हुआन प्रेसियादो नावाचा मुलगा कोमाला या गावी निघतो. मरणाऱ्या आईने सांगितलेलं असतं की तुझा बाप, पेद्रो पारामो, तिथे राहतो. त्याच्याकडून आपलं देणं वसूल कर. वाटेत एक खेचरवाला भेटतो, तोही पारामोचाच मुलगा निघतो आणि सांगतो की बाप कधीच मेला. गावात एक बाई दार उघडते आणि म्हणते, तू येणार हे तुझ्या आईने मला आजच कळवलं. आई तर मेलेली! हळूहळू लक्षात येतं की या गावात श्वास घेणारं कोणी उरलेलं नाही. भिंतींतून, गटारांतून, थडग्यांतून कुजबुज येते. रुल्फोने आधी या कादंबरीचं नावच ‘कुजबुजी’ असं ठरवलं होतं. पुढे काय होतं ते मी फोडत नाही. एवढंच सांगतो की मध्यावर एक जागा येते, तिथे आतापर्यंत आपण कोणाचं आणि कुठून ऐकत होतो हे कळतं आणि पुस्तक खाली ठेवावं लागतं.

कोमाला हे नाव ‘कोमाल’वरून सुचतं. कोमाल म्हणजे मक्याच्या भाकऱ्या भाजायचा मातीचा तवा. आपलं खापरच. गाव इतकं तापतं की तिथली माणसं मेल्यावर नरकात जातात आणि तिथे थंडी वाजते म्हणून घोंगडी न्यायला परत येतात, असं तो खेचरवाला सांगतो.

कादंबरीला प्रकरणं नाहीत, क्रमांक नाहीत. सत्तरच्या आसपास तुकडे आहेत, काळ पुढेमागे उडतो. पहिल्या वाचनात थोडं चाचपडाल, पण नावांचा तो गोंधळ इथे नाही. कोण बोलतंय हे लगेच कळलं नाही तरी थांबू नका. अंधारात शेजारच्या खोलीतलं बोलणं कानावर येतं, तसं ऐकत राहा.

आता आयुष्याबद्दल. जन्म १६ मे १९१७, मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या हालिस्को राज्यात. क्रांती होऊन गेलेली, खेड्यांत बंदुका तशाच फिरत होत्या. १९२३ मध्ये तो सहा वर्षांचा असताना वडिलांना गोळी घालून मारलं. कारण काय, तर जनावरं शेतात घुसण्यावरून झालेलं भांडण. त्यानंतर काही वर्षांत आई गेली आणि त्याची रवानगी ग्वादालाहाराच्या अनाथाश्रमात झाली. १९२६ पासून तिकडे सरकार आणि चर्चवाले यांच्यात यादवी पेटली होती. गावच्या पाद्र्याने आपली पुस्तकं रुल्फोच्या आजीच्या घरी ठेवायला दिली होती. बाहेर गोळीबार चालायचा आणि आत हा पोरगा ती पुस्तकं वाचत बसायचा.

वडिलांच्या मरणाबद्दल त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही. एक गोष्ट लिहिली, ‘सांगा त्यांना, मला मारू नका’ अशा अर्थाच्या नावाची. तीत दुष्काळात जनावरांना चारा नाकारला म्हणून एकाने दुसऱ्याचा खून केलेला असतो. खुनी पुढे आयुष्यभर लपत राहतो. म्हातारा झाल्यावर पकडला जातो आणि ज्या कर्नलपुढे नेतात, तो त्याच मेलेल्या माणसाचा मुलगा निघतो. गोष्ट कोणाच्या बाजूने आहे पाहा. सगळी गयावया, जगण्याची सगळी ओढ त्या म्हाताऱ्या खुन्याची आहे. कर्नल समोर येतच नाही, झोपडीच्या आतून नुसता आवाज येतो. ज्याचा स्वतःचा बाप असा मारला गेला, त्याने स्वतःला त्या भिंतीआड उभं केलं आणि पान मारेकऱ्याला दिलं. मी ही गोष्ट चार-पाच वेळा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी ‘म्हातारा सुटावा’ असं वाटतं. हे कसं केलं, ते मला अजून उलगडत नाही.

पोटासाठी त्याने सरकारी कचेरीत काम केलं, मग काही वर्षं टायर कंपनीचा फिरता विक्रेता होता. त्या फिरतीत देश पाहिला, फोटो काढले. हजारो निगेटिव्ह त्याच्यामागे राहिल्या आहेत. ओसाड भिंती, छप्पर नसलेली चर्चं, पाठमोऱ्या बायका. कादंबरी वाचून झाल्यावर ते फोटो जरूर शोधून बघा. मग लेखकांसाठीच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या दोन वर्षांत कथा पुऱ्या झाल्या, कादंबरी उभी राहिली. आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षं तो आदिवासींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत इतरांची पुस्तकं संपादित करत होता. नवं का लिहीत नाही असं कोणी विचारलं की सांगायचा, मला गोष्टी सांगणारा सेलेरिनो काका वारला. ७ जानेवारी १९८६ ला तो गेला.

काकाचं ते उत्तर लोक टोलवाटोलवी समजतात. मी ते खरं मानतो. माझ्या गावात जो भुतांच्या, खाडीत बुडालेल्या होड्यांच्या गोष्टी सांगायचा, तो गाव उठायच्या आधीच गेला. आम्ही पोरं चांगली शिकलेली आहोत, मोबाइलवर भरपूर टाइप करतो, पण त्याची एक गोष्ट आमच्यापैकी एकालाही धड सांगता येत नाही.

तर, हे सगळं कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं. ज्याचं गाव जागेवर आहे, त्याला भूत म्हणजे भीतीची वस्तू वाटते. ज्याचं गाव नकाशावरून उठलं, त्याला भूत म्हणजे शेजारी. वेशीवरचं देऊळ, विहीर, अमक्याचा ओटा, तिथे बसणारी माणसं, हे सगळं आता फक्त बोलण्यात शिल्लक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि बय अजूनही वाट सांगताना “देवलाच्या मागून जा” म्हणते. ज्या देवळामागून जायचं ते तिथे नाही आणि ‘मागे’ही नाही. अशा माणसाचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं झालं तर मेलेले आणि जिवंत एकाच ओळीत येणारच. रुल्फो एवढंच करतो. तो कधीही ‘बघा, केवढा चमत्कार’ म्हणून आवाज चढवत नाही. चमत्कार पाहायला म्हणून गेलात तर हिरमोड होईल.

आणि कोमाला कशाने मेलं याचं कारण तो दैवावर ढकलत नाही. पेद्रो पारामो हा जमीनदार आहे. लग्नाने, धाकाने, खोट्या कागदांनी त्याने सगळी जमीन आपल्या नावावर केलेली. त्याची लाडकी सुसाना मरते तेव्हा चर्चच्या घंटा दिवसेंदिवस वाजत राहतात, त्या ऐकून आसपासचे लोक जमतात आणि दुखवट्याची जत्रा होऊन बसते. पारामो चिडतो. म्हणतो, मी हाताची घडी घालून बसेन आणि कोमाला उपाशी मरेल. आणि गाव तसंच मरतं. सगळी जमीन एका हातात असली की तो हात नुसता घडी घालून बसला तरी पुरतं.

सुरुवात मात्र कादंबरीने करू नका. आधी त्याच्या कथासंग्रहातली ‘त्यांनी आम्हाला जमीन दिली’ अशा अर्थाच्या नावाची पाच-सहा पानांची गोष्ट वाचा. क्रांतीनंतर सरकार शेतकऱ्यांना जमीन वाटतं. यांना हवी असते नदीकाठची, मिळतो दगडासारखा कडक माळ. घोडे आणि बंदुका आधीच काढून घेतलेल्या. अधिकारी म्हणतो, तक्रार असेल तर लेखी द्या. पहाटेपासून चालत निघालेल्यांपैकी चौघं उरतात. आभाळातून पावसाचा एक थेंब पडतो, एकच, आणि जमीन तो गिळून टाकते. आमच्या पट्ट्यात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून १९८४ साली शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना आली. विमानतळासाठी तो आकडा साडेबावीस झाला. टक्क्यांच्या या हिशोबात वाढलेल्या माणसाला त्या गोष्टीतली एकही ओळ परकी वाटत नाही.

मी ती गोष्ट एकदा बयला आगरीत सांगितली. शेवटाकडे असं आहे की चौघांपैकी एस्तेबान नावाच्या माणसाच्या कोटातून कोंबडीचं डोकं बाहेर येतं. इतका वेळ तो तिला पोटाशी धरून चालत होता. बयने तिथेच अडवलं.

“ती कोंबरी त्याने कनाला आनली?”

मी म्हटलं, सोबतचेही त्याला तेच विचारतात. तो म्हणतो, खायला नाही आणली. घरात कोणी नव्हतं तिला दाणे घालायला.

“बरोबर केला त्यानी,” बय म्हणाली. आमचं सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी तिने तिच्या सहा कोंबड्या मांडीवरच्या टोपलीत घेतल्या होत्या.