जर्मनीतल्या हँडबॉलच्या सेकंड बुंडेसलीगामध्ये बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की ही लीग चालते कशी आणि वरची बुंडेसलीगा असताना ही कशाला बघायची, तर चालते कशी ते पटकन सांगतो. १८ टीम, प्रत्येकीशी एक मॅच घरच्या हॉलमध्ये आणि एक बाहेर, म्हणजे एकूण ३४, पहिल्या दोन वर जातात आणि शेवटच्या दोन थर्ड लीगमध्ये. २०११ पर्यंत नॉर्थ आणि साउथ असे दोन ग्रुप होते, आता सगळ्या देशाची एकच लीग.

पॉइंट टेबल मात्र नीट बघायला शिका. जिंकलं की २ आणि बरोबरीला १ हे ठीक, पण तिथे गमावलेले पॉइंटही शेजारी लिहितात, समजा ४०:१२, आणि मी आधी तो दुसरा आकडाच बघतो कारण एखाद्या टीमच्या मॅचेस कमी झालेल्या असतील तर खरं पुढे कोण आहे ते तिथेच दिसतं.

आता कशाला बघायची, तर इथे किती मोठी मोठी नावं येऊन गेलीत बघा. गुमर्सबाख हा क्लब १२ वेळा जर्मनीचा चॅम्पियन, १९६६ मध्ये बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हापासून कधीच खाली गेले नव्हते, ते २०१९ ला पडले आणि वर यायला २०२२ उजाडलं, आइसलँडचा गुड्योन वालुर सिगुर्डसन कोच असताना. आणि नुसते वर आले नाहीत, २०२३-२४ मध्ये सहावे आले, युरोपियन स्पर्धेत खेळले! हॅम्बुर्गचं तर त्याहून भारी, २०१३ ला चॅम्पियन्स लीग जिंकली, २०१६ च्या जानेवारीत पैसे संपले म्हणून सीझन अर्ध्यावर सोडावा लागला, थर्ड लीगपासून सुरुवात करून २०२१ ला परत वरच्या बुंडेसलीगात. हे सगळं याच लीगमधून होतं म्हणून मला ती इतकी आवडते.

पण वर जाणं आणि तिथे टिकणं यात प्रचंड फरक आहे. २०२४ ला पॉट्सडाम आणि बिटिगहाइम वर गेले आणि एकाच सीझनमध्ये दोघंही परत खाली. पॉट्सडामकडे वरच्या लीगमधल्या फ्युक्से बर्लिन क्लबची तरुण पोरं होती, पळायला जबरदस्त, पण वरच्या लीगमध्ये डिफेन्सला माणसंच इतकी दणकट असतात आणि गोलकीपर असे की इथे आरामात होणारे गोल तिथे होत नाहीत, बजेटचा फरक तर आहेच. तरी मला वाटतं वर पाठवायचा नियम असाच राहावा, बंद लीग केली तर छोट्या गावांतल्या क्लबांना धडपडायचं कारणच उरणार नाही.

मॅचेस Dyn या जर्मन स्ट्रीमिंग सेवेवर लाइव्ह असतात. पहिल्यांदाच बघणार असाल तर मे महिन्यातली, वर जायच्या शर्यतीतली टीम विरुद्ध खाली पडायच्या भीतीतली टीम अशी मॅच निवडा, दोघांनाही पॉइंट हवेच असतात.