बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन जिंकलेला एखादा मोठा डाव सांगाल का?

माझ्या मते गुकेश-डिंग, सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव, तोवर गुण ६.५-६.५. पांढरी मोहरी चीनच्या डिंग लिरेनकडे, तेव्हाच्या जगज्जेत्याकडे होती, म्हणजे पहिली चाल त्याची आणि थोडं झुकतं माप त्याचंच.

गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि एकेक उंट. बहुतेक जाणकार बरोबरीच धरून बसले होते. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर आणला. हत्तींची मारामारी होऊ दे, मग बरोबरी, असा हिशेब. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलेला! हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर नेऊन समोर उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला पळायला घरच नाही, म्हणजे उंटही पटावरून जाणार. उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जास्तीचं प्यादं पुरेसं ठरतं. ५८ चालींत डिंगने डाव सोडला.

गंमत म्हणजे ही चूक गुकेशच्याही लगेच ध्यानात आली नव्हती, असं त्यानेच नंतर सांगितलं. जिंकल्यावर डोळे पुसत तो मोहरी पुन्हा पटावर मांडत होता. वय १८!