काही त्रास होत नाही, तरी आईने मधुमेहाची गोळी का घ्यावी?

आपण लिहिले आहे की आईला ५४व्या वर्षी मधुमेह निघाला, उपाशीपोटी साखर १४८ आली, पण "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असे म्हणत ती साखर सोडून गुळाचा चहा घेते आहे. तिला कसे समजवावे आणि रोज काय सांभाळावे, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात राहतो, १६ वर्षे मला मधुमेह आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आईला काही होत नाही, हे तिचे म्हणणे खरेच असणार. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक येते आहे याची पुन्हा तपासून खात्री झाली की मधुमेह ठरतो. पण सारखी तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे ही लक्षणे बहुधा साखर बरीच वर गेल्यावर दिसतात. तोपर्यंत डोळ्यांच्या पडद्यातील व मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांना आणि पायांच्या नसांना आतल्या आत इजा होत राहते.

पायांचे मी स्वतः भोगले आहे. सात वर्षांपूर्वी नवी कोल्हापुरी चप्पल घालून दोन दिवस हिंडलो. नवी चप्पल लागतेच आणि लागली की माणूस ती काढून ठेवतो. माझ्या पायांच्या नसा बधिर झाल्याने मला मात्र ती लागलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पांघरुणावर ओला पिवळट डाग दिसला, तेव्हा कळले की चपलेच्या अंगठ्याखाली फोड येऊन फुटला होता. ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळव्याखाली आरसा धरून मी दोन्ही पाय पाहतो. कुरूप ब्लेडने कापत नाही, गरम पाण्याने शेकत नाही आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पायमोजे घातल्याशिवाय उतरत नाही. आईला आजपासून ही सवय लावा. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता गुळाविषयी. आपल्याकडचा गूळ नावाजलेला आहे आणि गुऱ्हाळावरच्या गरम गुळाची चव मीही विसरलेलो नाही. परंतु गूळ म्हणजे मुख्यतः उसाची साखरच असल्यामुळे रक्तातील साखर तोही जवळजवळ तितकीच वाढवतो. भाकरी पथ्याची म्हणून कितीही खावी, असेही नाही. मी एक भाकरी, भरपूर भाजी आणि वाटीभर आमटी किंवा उसळ एवढे जेवतो आणि जेवणानंतर रंकाळा तलावावर अर्धा तास चालतो.

आमच्या घरातल्या बायका नवरात्रात नऊ दिवस उपवास करतात. आपल्या आईही करत असतील, तर आधीच डॉक्टरांशी बोला. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले, तर साखर ७०च्या खाली जाऊन दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. अशा वेळी उपवास मोडून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

तपासणीबाबत माझी एक चूक सांगतो. मी आदल्या दोन दिवसांत गोड आणि भात बंद करून रक्त द्यायला जात असे, आकडा चांगला येई आणि मी समाधानाने परतत असे. पुढे डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला सांगितली, ती ८.९ टक्के निघाली. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. त्यामुळे या चाचणीत दोन-तीन महिन्यांचा हिशोब येतो, दोन दिवसांच्या पथ्याने तो बदलत नाही. बहुतेकांना ७च्या खालचे उद्दिष्ट देतात, तरी आईचे उद्दिष्ट तिच्या डॉक्टरांना विचारा. ते गाठेपर्यंत दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून किमान दोनदा ही चाचणी करतात.

मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व रक्तातील क्रिएटिनिन, आणि डोळ्यांचा पडदा यांची तपासणी मात्र निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी व्हायला हवी. डोळ्यांची तारीख याच महिन्यात घ्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी आईला एकटीला पाठवू नका.