गवेनने शेजघरात तोल सांभाळला, मग तो स्वतःला दोषी का मानतो?

तुमचा प्रश्न असा: ‘सर गवेन आणि हिरवा शिलेदार’ या जुन्या इंग्रजी काव्यात राजा आर्थरच्या दरबारातला गवेन एका गढीत पाहुणा असतो, आणि यजमानाची बायको तीन सकाळी त्याला मोह घालते. तो बधत नाही. मग एक रेशमी पट्टा ठेवून घेतला एवढ्यावरून तो स्वतःला भित्रा आणि बेइमान का म्हणवतो?

एम.ए.ला हे काव्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. पट्टाच तर आहे, त्यात एवढं काय? पुन्हा वाचल्यावर कळलं की कवीने आपल्याला पलंगाकडे बघत ठेवलंय आणि खरी परीक्षा संध्याकाळच्या दिवाणखान्यात घेतलीय.

‘नाइट’साठी मी शिलेदार म्हणतोय, कारण आपल्याकडेही शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा स्वार, बारगीर तो, ज्याचा घोडा सरकारी. शब्द तंतोतंत बसत नाही, पण घोडा, हत्यार आणि दिलेला शब्द हीच ज्याची पुंजी, असा माणूस डोळ्यासमोर उभा राहतो.

कथेची सुरुवात तुम्हाला माहीत आहेच. आर्थरच्या दरबारात नववर्षाची मेजवानी, एका हातात हॉलीची (काटेरी पानांच्या सदाहरित झाडाची) डहाळी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेऊन आलेला हिरवागार राक्षसी स्वार, आणि त्याचं आव्हान: आज तुम्ही माझ्यावर एक घाव घाला, वर्षाने मी परत घालेन. गवेन मुंडकं उडवतो. तो गडी स्वतःचं मुंडकं केसांना धरून उचलतो, ते मुंडकं बोलतं, आणि वर्षाने हिरव्या देवळापाशी यायचं ठरतं.

गवेन निघतो तेव्हा त्याच्या लाल ढालीवर सोनेरी पंचकोनी तारा असतो. हात न उचलता एका रेघेत काढता येणारा. इथे कवी गोष्ट थांबवून त्या ताऱ्याचा अर्थ सांगत बसतो: पाच इंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद आणि पाच सद्गुण. (पाचाचा त्याला इतका नाद की 2525व्या ओळीत पहिल्या ओळीतला ट्रॉय या प्राचीन शहराचा वेढा परत येतो आणि काव्य जिथून निघालं तिथे येऊन मिळतं.) या सगळ्याला तो ‘त्रॉथ’चं चिन्ह म्हणतो. या एका शब्दात खरेपणा, इमान आणि दिल्या शब्दाला जागणं हे सगळं येतं. एका रेघेचा तारा असल्यामुळे एक गाठ सुटली की सगळाच उसवणार, हे कवी बोलून दाखवत नाही.

प्रवासातल्या अजगर, लांडगे, अस्वलं यांना कवी चार ओळींत गुंडाळतो आणि म्हणतो, लढायांपेक्षा थंडी वाईट होती. चिलखतात झोपायचं, वरून गारा. मला हा कवी आवडतो तो अशा जागांमुळे.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याला एक गढी सापडते. यजमान एक गमतीचा करार सुचवतो: मी दिवसभर शिकारीला जाईन, तू आराम कर, संध्याकाळी दिवसभरात ज्याला जे मिळालं ते त्याने दुसऱ्याला द्यायचं. गवेन हसत हसत शब्द देतो. हा शब्द लक्षात ठेवा.

सकाळी यजमानीणबाई त्याच्या शेजघरात येऊन पलंगावर बसते. आता गवेनची पंचाईत बघा. शिलेदाराने बाईशी अदबीने वागायचं हे ब्रीद. तिला झिडकारलं तर गावंढळ ठरणार. तिचं ऐकलं तर ज्याचं मीठ खातोय त्याच्याशी गद्दारी. बाईही वस्ताद. म्हणते, तू खरा गवेन नसशीलच, खऱ्या गवेनने एव्हाना एक तरी चुंबन मागितलं असतं! तो शब्दांच्या कसरतीने निभावून नेतो. पहिल्या दिवशी एक चुंबन, दुसऱ्या दिवशी दोन. संध्याकाळी तो ती इमानदारीने यजमानाला परत करतो आणि बदल्यात हरणं नि रानडुक्कर घेतो. कवी स्पष्ट सांगतो की गवेनला गावंढळ ठरायची धास्ती होती, पण त्याहून जास्त यजमानाशी गद्दारी होण्याची.

तिसऱ्या दिवशी बाई सोन्याची अंगठी देऊ करते. तो नको म्हणतो. मग ती कमरेचा हिरवा पट्टा काढते. तोही नको. मग ती सांगते की हा बांधणाऱ्याला कोणी मारू शकत नाही. थोडक्यात, ताईत. दुसऱ्या दिवशी मान कुऱ्हाडीखाली ठेवायची आहे अशा माणसाला ताईत! तो घेतो. आणि ती म्हणते, नवऱ्याला सांगू नकोस. तो कबूल करतो.

म्हणजे शेजघरात तो हरला तो बाईसमोर नव्हे. जीव वाचवायच्या इच्छेसमोर. आणि तिथेही अजून काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते संध्याकाळी. एरवी यजमान आधी द्यायचा. या संध्याकाळी गवेन घाईने पुढे होतो, म्हणतो आज मी आधी देतो, आणि तीन चुंबनं मोजून देतो. पट्ट्याबद्दल चकार शब्द नाही. ज्याला हिशेबात काही लपवायचं असतं तोच असा उत्साहाने हिशेब पुढे करतो. बदल्यात त्याला मिळते कोल्ह्याची एक घाणेरडी कातडी.

त्या कोल्ह्याकडे जरा थांबा. तलवारीचा वार चुकवायला तो अंग चोरतो आणि थेट कुत्र्यांच्या तोंडी जातो. पुढे देवळापाशी कुऱ्हाड खाली येताना गवेनही खांदे आखडतो, आणि ‘एकदा अंग चोरलं, पुन्हा नाही’ असं म्हणताना त्याच्या तोंडी तोच मूळ शब्द येतो, जो कवीने कोल्ह्यासाठी वापरला होता. मराठीत ‘अंग चोरणे’ला दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे आपल्याला ही जागा फार समजावून सांगावी लागत नाही.

पट्टा घेतल्यावर त्याच दिवशी तो पाद्र्याकडे जाऊन पापं कबूल करतो, आणि पाद्री त्याला इतका शुद्ध करतो की उद्या कयामत आली तरी चालेल. पट्ट्याबद्दल तो काही बोलला का, कवी सांगत नाही. अभ्यासक अजून भांडतायत. माझं मत विचाराल तर नाही बोलला. कारण खरी कबुली होते ती देवळापाशी. कुऱ्हाड दोनदा अडते, तिसऱ्यांदा मानेला नुसती खरचटते, आणि हिरवा शिलेदार सांगतो की तो यजमान मीच. पहिले दोन वार हुकले कारण दोन संध्याकाळी तू प्रामाणिक होतास. खरचटलं ते तिसऱ्या संध्याकाळचं. बायकोला मीच पाठवलं होतं. इमान थोडं कमी पडलं, पण बाईच्या लोभाने नाही, जीव प्यारा होता म्हणून. त्यामुळे मी फार दोष देत नाही. मग गवेन सगळं बोलतो, आणि पाद्र्याने द्यायची क्षमा तो कुऱ्हाडवाला देतो. (हे सगळं जादूगारीण मॉर्गन ल फेने आर्थरच्या राणीला घाबरवायला घडवलं, असंही तो सांगतो. हे कारण मला कायम ओढूनताणून आणलेलं वाटतं.)

गवेनची शरम मात्र जात नाही. आधी तो भित्रेपणाला आणि लोभाला शिव्या देतो, मग बायबलमधल्या ॲडम, सॅमसन, सॉलोमन, डेव्हिड यांची यादी काढून सगळं बायकांवर ढकलतो. काव्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग माझ्या मते हा आहे, पट्टा नव्हे. इथेही तो अंग चोरतोच.

तुमच्या ‘एवढा अपराधी का’चं उत्तर मला वाटतं ढालीत आहे. त्याने स्वतःवर निर्दोष ताऱ्याचं चिन्ह लावून घेतलं होतं. हिरव्या शिलेदाराला तो उत्तम माणूस वाटतो, थोडा उणा. पण एका रेघेच्या ताऱ्यात ‘थोडा उणा’ बसत नाही. म्हणून परतताना तो हिरवा पट्टा आडवा बांधतो आणि दरबारात मानेवरचा व्रण दाखवून सांगतो की ही माझ्या बेइमानीची खूण, मी आयुष्यभर वागवणार.

राजा त्याची समजूत घालतो. दरबार खो-खो हसतो, आणि गवेनच्या मानाखातर सगळ्यांनी तसाच हिरवा पट्टा वापरायचा असं ठरतं. त्या हसण्यानंतर काव्यात गवेनच्या तोंडी एकही शब्द नाही.