मीटर खराब नाही, पोर्ट चुकलाय

प्रश्न : वापरलेला एनर्जी मीटर मिळालाय. त्याची सेटिंग कॉम्प्युटरवरून करायला यूएसबी टू आरएस-४८५ (मीटरशी दोन वायरींवरून बोलायची पद्धत) कन्व्हर्टर घेतला, सॉफ्टवेअर टाकलं, पण कनेक्ट दाबलं की 'टाइमआउट'. विंडोजमध्ये कन्व्हर्टरचा पोर्ट कॉम १४ दिसतो पण सॉफ्टवेअरच्या लिस्टमध्ये कॉम ९ च्या पुढे काहीच नाही, म्हणून मी कॉम ३ घेतला. मीटर गेलाय का?

उत्तर : अहो मीटरवर इतक्यात संशय नको, तुम्ही हाक मारताय कॉम ३ ला आणि कन्व्हर्टर बसलाय कॉम १४ वर, मग उत्तर येणार कुठून! बरीच जुनी सॉफ्टवेअर ९ च्या पुढचे पोर्ट दाखवतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कन्व्हर्टर एकदा काढून परत लावा, जो पोर्ट गायब होऊन परत येतो तो तुमचा. त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे रिकामा असेल तो छोटा नंबर द्या, कॉम ५ वगैरे. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. आणि एक, दुसरं कुठलं सॉफ्टवेअर तोच पोर्ट धरून बसलं असेल तर ते आधी बंद करा, एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो.

आता कनेक्ट दाबा आणि कन्व्हर्टरच्या लाइटकडे बघा, बहुतेक कन्व्हर्टरवर टीएक्स (पाठवतोय) आणि आरएक्स (येतंय) असे दोन असतात. टीएक्स लुकलुकतोय आणि आरएक्स मेलेला, म्हणजे प्रश्न जातोय पण उत्तर येत नाहीये. अशा वेळी मी पहिलं काय करतो तर मीटरला जाणाऱ्या ए आणि बी या दोन वायरींची अदलाबदल, कारण कुठल्या वायरला ए म्हणायचं यावर कंपन्यांचंच एकमत नाही, आणि उलट्या लागल्या म्हणून सहसा काही जळत नाही. पण हा एनर्जी मीटर आहे, शेजारच्याच टर्मिनलवर मेन सप्लाय असतो, तेव्हा सप्लाय बंद केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही म्हणजे नाही.

तरीही गप्प असेल तर बॉड रेट (बोलण्याचा स्पीड), पॅरिटी (चूक पकडायची खूण) आणि स्लेव्ह आयडी (मीटरचा नंबर) बघा. मॉडबसमध्ये, म्हणजे असे बरेच मीटर बोलतात त्या भाषेत, आयडी १ ते २४७ मधला काहीही असू शकतो आणि तुमचा मीटर वापरलेला आहे, आधीच्या मालकाने काय ठेवलंय ते आपल्याला काय माहीत, म्हणून मॅन्युअलमधल्या डिफॉल्टवर विसंबू नका. मीटरला बटणं असतील तर त्याच्याच मेनूत हे तिन्ही बघायला मिळतात, सॉफ्टवेअरमध्ये एकेक आकडा टाकून बघत बसण्यापेक्षा ते दहापट बरं. ९६०० आणि नो पॅरिटी खूप ठिकाणी सापडतं, काही ठिकाणी १९२०० आणि इव्हन.

कनेक्ट झालं की उत्साहात राइट दाबू नका, आधी रीड, आणि ती फाइल सेव्ह करून ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये राइट म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मीटरमध्ये जातं, आणि रीड केलेलं नसेल तर स्क्रीनवर असतात सॉफ्टवेअरची स्वतःची डिफॉल्ट, सीटी रेशोसकट (करंट ट्रान्सफॉर्मर करंट किती पटीने कमी करून मीटरला देतो तो आकडा), मग युनिट भलतेच दिसायला लागतात. बॉड रेट बदलायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी, आणि तो राइट केल्यावर परत टाइमआउट आला तर मला लगेच पत्र लिहू नका, मीटर नव्या स्पीडवर गेलाय आणि सॉफ्टवेअर अजून जुन्यावर आहे, तिथेही तोच आकडा टाका.