बंदीनंतरही उरलेले विष

प्रश्न : अमेरिकेत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, पूर्वी विद्युत उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायने) यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, तरी मिशिगन सरोवरातील माशांत ती अजून का सापडतात? ती किती काळ टिकतील, हे कसे ठरवतात?

उत्तर : सरोवराचे पाणी, गाळ आणि जीवसृष्टी असे कप्पे कल्पून, नद्यांतून व हवेतून किती पीसीबी आले, किती हवेत उडून गेले आणि किती कणांना चिकटून तळाशी बसले, याचा जमाखर्च समीकरणांत मांडतात, त्यासाठी १९९४-९५ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पुढाकाराने पाणी, हवा, गाळ व माशांचे नमुने गोळा करण्यात आले. खरी मेख गाळात आहे. हिवाळा सरताना उत्तरेचे वादळी वारे सुटले की दक्षिण किनाऱ्यालगत गढूळ पाण्याचा लांबलचक पट्टा उठतो आणि तळाचे पीसीबी पुन्हा वर येते. शिवाय सरोवरातले पाणी पूर्ण बदलायला साठांहून अधिक वर्षे लागतात.

पीसीबी चरबीत विरघळत असल्यामुळे प्लवकांकडून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांकडून) लहान माशांत आणि त्यांच्याकडून ट्राउटसारख्या मोठ्या माशांत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. म्हणूनच केवळ पाणी तपासून सरोवराला निर्धोक म्हणणे मला चुकीचे वाटते. तेथे मासा शिजवण्याआधी त्याची कातडी आणि पाठीपोटाची चरबी काढून टाकण्याचा सल्ला देतात, तो याचसाठी.