वाचकांचे प्रश्न : डॅनिश मंडळाच्या हॉलमध्ये जॅझ कुठून आला?

प्रश्न : आम्ही सिएटलमध्ये राहतो. मध्यंतरी वॉशिंग्टन हॉलला एक डान्स प्रोग्राम बघायला गेलो होतो, तिथे कळलं की हा मुळात डॅनिश लोकांनी बांधलाय. पण इथे कोण कोण येऊन गेलं ते वाचलं तर ड्यूक एलिंग्टन, बिली हॉलिडे, जिमी हेंड्रिक्स, सगळे अमेरिकेतले कृष्णवर्णीय संगीतकार! यात डेन्मार्क कुठे बसतं? (एक वाचक, सिएटल)

उत्तर : भाड्यात बसतं. खरंच, या हॉलची अख्खी गोष्ट भाड्याच्या वहीतूनच सांगता येईल.

हॉल बांधला १९०८ साली, डॅनिश ब्रदरहुडच्या सिएटल शाखेने, आर्किटेक्ट व्हिक्टर वूर्हीस. ब्रदरहुड हे नाव ऐकून काहीतरी गुप्त मंडळी वाटतात पण काम एकदम व्यवहारी होतं. १८८२ ला नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये सुरुवात झाली, पुढाकार लढाया बघून आलेल्या डॅनिश माणसांचा, कोणी तिकडे डेन्मार्कमध्ये जर्मनांशी लढलेला तर कोणी अमेरिकेच्या यादवीत. दरमहा वर्गणी भरायची, आजारी पडलं की मदत मिळायची आणि माणूस गेला तर घरच्यांना पैसे. सरकारी विमा वगैरे तेव्हा कुठला आलाय, त्यामुळे परक्या मुलखात एकट्या कामगाराला हाच आधार. सभासद फक्त पुरुष हं. बायकांनी मग वाट बघत न बसता पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मिशिगनच्या निगॉनी गावात स्वतःची डॅनिश सिस्टरहुड काढली, क्रिस्टीन हेमिंग्सन नावाच्या बाईंनी.

तर अशा मंडळाला मीटिंगला जागा हवी, नाचगाण्याला हवी, नाटकाला हवी. म्हणून स्टेज, मोठा डान्स फ्लोअर, वर घोड्याच्या नालेसारखी वळलेली बाल्कनी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच इमारतीत छोट्या छोट्या खोल्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या डॅनिश पोरांना राहायला. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या असायच्या ना, गावाहून आलेला माणूस ट्रंक घेऊन थेट तिथेच, अगदी तसंच.

आता भाडं. डॅनिश लोक अमेरिकेत आले ते नॉर्वे-स्वीडनवाल्यांच्या मानाने फारच कमी, त्यात विखुरलेले आणि पटकन इंग्लिश बोलायला लागलेले. एवढा मोठा हॉल रोज भरणार कोण? मग इतरांना भाड्याने द्यायचा. चौदावा अ‍ॅव्हेन्यू आणि फर स्ट्रीटचा हा कोपरा शहराच्या सेंट्रल भागात येतो, आजूबाजूला ज्यू, जपानी, फिलिपिनो आणि कृष्णवर्णीय वस्ती. कृष्णवर्णीयांना शहराच्या बऱ्याच भागात घर मिळत नव्हतं, खरेदीखतातच तशी अट लिहिलेली असायची, आणि डाउनटाउनमधल्या कित्येक जागांची दारंही बंदच. इथे मात्र भाडं भरलं की हॉल मिळायचा. म्हणून १० जून १९१८ ला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, इथेच झाला आणि त्यात मिस लिलियन स्मिथ यांचा जॅझ बँड वाजला. वॉशिंग्टन राज्यात (सिएटल याच राज्यात येतं) जॅझ वाजल्याची सगळ्यात जुनी नोंद ती हीच! पुढे मग मारियन अँडरसन गायल्या, कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांचं भाषण झालं, बॉक्सर जो लुईस येऊन गेला आणि तुम्ही लिहिलेली नावं तर आहेतच.

यावरून डॅनिश मंडळींना लगेच संत करायला मी काही तयार नाही. रिकामा हॉल किती महाग पडतो ते कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा. पण पैसे घेताना समोरच्याचा रंग न बघणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, एवढं मात्र म्हणेन.

१९७३ ला ब्रदरहुडने इमारत विकली ती सन्स ऑफ हैती या कृष्णवर्णीयांच्या मेसोनिक लॉजला, म्हणजे फ्रीमेसन बंधुमंडळाला. त्यांनीही भाड्याने देणं चालू ठेवलं. १९७८ ते १९९८ ऑन द बोर्ड्स ही प्रायोगिक नाटक-नाचवाली संस्था इथे होती. नंतर मात्र इमारतीची रया गेली, पाडणार की काय अशी वेळ आली, तेव्हा २००९ मध्ये हिस्टॉरिक सिएटल या संस्थेने ती विकत घेतली आणि दुरुस्त करून २०१६ ला पुन्हा उघडली. तुम्ही तिकीट काढून गेलात तो हॉल हाच.

प्रश्न : हे डॅनिश लोक तर चर्चवाले, मग हॉलमध्ये नाच कसा चालायचा? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : कुठले डॅनिश त्यावर आहे ताई. अमेरिकेतल्या डॅनिश लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) लोकांत दोन तट होते. एक ग्रुंटविग या पाद्री-कवीच्या विचारांचे, म्हणजे गाणी, लोकनृत्य, कसरत, व्याख्यानं, परीक्षा नसलेली लोकशाळा. दुसरे इनर मिशनवाले, त्यांना नाच, पत्ते, दारू सगळंच पाप. पहिल्यांना लोक 'हॅपी डेन' म्हणायचे, दुसऱ्यांना 'होली डेन'. भांडण वाढत गेलं आणि १८९४ ला चर्चच फुटलं. मिनेसोटातलं टायलर हे हॅपीवाल्यांचं गाव, तिथे डानेबोड वस्तीत १८८९ चा दगडी हॉल आहे आणि तो चर्चच्या इमारतीच्या आधी बांधलाय!! ब्रदरहुडचं म्हणाल तर ते चर्चच्या हाताखाली नव्हतंच, त्यामुळे तिथे पाद्रीबाबांना विचारायचा प्रश्न येत नव्हता.

प्रश्न : असे बाकीचे हॉल वाचले का? आणि ब्रदरहुड आहे का अजून? (नाशिक)

उत्तर : काही वाचले, काही गेले. मिनियापोलिसमधला डानिया हॉल १८८६ चा, खाली दुकानं आणि वर थिएटर, म्हणजे भाड्याची सोय पहिल्यापासूनच होती. त्याची दुरुस्ती होत आली होती आणि २००० च्या फेब्रुवारीत आग लागली, शेवटी पाडावा लागला. टायलरचा दगडी हॉल उभा आहे, उन्हाळ्यात तिथे कुटुंबांची लोकनृत्य-गाण्यांची शिबिरं भरतात. ब्रदरहुडचा विम्याचा कारभार १९९५ मध्ये वुडमेन ऑफ द वर्ल्ड या मोठ्या संस्थेत गेला.